ऑर्डरीचं काळीज

"रांगेत या, रांगेत! मुखदर्शनवाले डावीकडनं, पायावरचे उजवीकडनं! आणि ए चष्मेवाल्या, तू मघाशी येऊन गेलास. परत घुसतोस काय?"

परळच्या एका हॉस्पिटलात, हृदयाच्या वॉर्डात, खाटेवर मांडी घालून बसलेले भोंगाबुवा ओरडत होते. समोर शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. बुवांच्या छातीला वायरी, मनगटाला पट्टी आणि जागेवरूनच गर्दीचं नियोजन चाललेलं. जन्म लालबागला गेला. माणसं जमलेली दिसली की रांग लावल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. ती पोरंही निमूट रांगेत उभी राहिली. एकाने तर चपला काढल्या, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

पाहणारच. शेजारच्या खाटेवर मीच होतो. दिवस तोच, डॉक्टरीणबाई त्याच, मनगटातून घातलेली नळीही तसलीच. पण माझ्याकडे येत कोण होतं? जेवणाची ताटं गोळा करणारी बाई. तीसुद्धा भोपळ्याची भाजी का टाकली म्हणून रागवायला.

त्याचं असं झालं. छातीत आधी माझ्या दुखलं. रीतसर, डाव्या बाजूला, घाम येऊन दुखलं. बुवा मला सोबत म्हणून आले, आणि "आलोच आहे तर माझीही बघा" म्हणाले. आयुष्यभर त्यांनी हेच केलं. पंगत माझी, आणि शेवटचा मोदक यांच्या पानात.

तपासणीत माझ्या दोन नसा तुंबलेल्या निघाल्या. त्यात तिथल्या तिथे दोन स्टेंट बसवले. आमच्या चाळीत त्यांना स्प्रिंगा म्हणतात. मग बुवांना आत घेतलं, आणि आत गोंधळ उडाला. हृदयाच्या उजव्या नसेचं तोंड सापडेना. डॉक्टरीणबाईंनी नळी इकडून घातली, तिकडून घातली, नळ्या बदलल्या, मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. शेवटी आणखी एक स्कॅन काढला तेव्हा उलगडा झाला. बाईंनी खाटेजवळ येऊन कागदावर चित्र काढून दाखवलं.

"काका, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन मुख्य नसा असतात. एक डावीकडून निघते, एक उजवीकडून. तुमची उजवी नससुद्धा डावीकडूनच निघाली आहे. आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधल्या फटीतून उजवीकडे गेली आहे."

मी पाणीखात्यात जन्म काढला. न राहवून म्हणालो, "म्हणजे शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीवरून कनेक्शन घेतलंय."

"बेकायदा?" बुवांनी दचकून विचारलं.

"जन्मापासूनचं आहे," बाई म्हणाल्या.

"मगे रेग्युलर झालां असतला!" बुवा खूश.

"असं क्वचितच दिसतं, काका. तुमच्या वयाच्या माणसात पहिल्यांदा सापडणं तर फारच क्वचित." आणि मग माझ्याकडे वळून, "तुमचं काय, नेहमीचंच."

नेहमीचंच! सत्तरी ओलांडेपर्यंत मी जे हृदय जपलं, कांदाभजी पाहून ज्याची धडधड वाढायची, ते नेहमीचंच. आणि बुवांनी तो 'क्वचित' शब्द विड्यासारखा गालात धरला. संध्याकाळपर्यंत चघळला. दिवे लागल्यावर खाटेवरून हळूच म्हणाले, "नान्या, वाईट वाटून घेव नको रे. तुझां काळीज रेशनवरचां. माझां ऑर्डरीचां."

बुवांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि रेशनकार्ड गावी होतं, त्यामुळे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गिरणीचा भोंगा बंद पडला आणि त्याची जागा यांनी घेतली. यांनी वरचा सूर लावला की खालच्या गल्लीतल्या मसाल्याच्या डंकांचा आवाज ऐकू यायचा नाही; मिरची कांडली जातेय की नाही हे डंकवाल्याला वाकून बघावं लागायचं. एकदा यांच्या तानेने समोरच्या चाळीतलं कबुतर अंड्यावरून उठलं ते थेट भायखळ्याला उतरलं. मी खोटं बोलत नाही. फार तर थोडं ताणून सांगतो, आणि ताणल्याशिवाय कुठला पखवाज वाजतो?

आम्ही दोघेही डबलबारीचे बुवा. कोकणच्या माणसाला डबलबारी समजावून सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज, समोरासमोर. एकाने भजन म्हणून टोमणा मारायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच त्याची परतफेड करायची. शेवटी गजर. एकच ओळ, कोरसाच्या अंगावर टाकत, चढवत, पळवत न्यायची. ज्याचा गजर रंगला त्याची बारी. शब्दांत मी बुवांना कधीच हार गेलो नाही. माझा टोमणा पब्लिक आठवडाभर वापरायचं. पण गजर आला की संपलं. माझी पेटी काळी तीनमध्ये. यांची काळी पाचमध्ये. आकडा मोठा तसा आवाज उंच, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं कळेल.

आणि त्यातही त्यांची एक खोड होती. शेवटचा गजर घ्यायच्या आधी डोक्यावरची काळी टोपी काढायची, आणि भर सभेत माझ्या कोरसातल्या पोराच्या हाती माझ्याकडे पाठवायची. "नान्या, धर रे. उडात." सगळा मांडव हसायचा. मी तोंड आंबट करून ती टोपी मांडीवर घेऊन बसायचो आणि बुवा मला माझ्यासमोर धुऊन, पिळून, वाळत घालायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या टोपीला त्यांच्या डोक्यापेक्षा माझ्या मांडीची सवय जास्त.

पण मला खरी आग लागायची ती दुसऱ्याच गोष्टीची. गजर टिपेला पोचला की बुवा उजवा हात छातीवर दाबायचे. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. बारी संपल्यावर शिष्यांना सांगायचे, "गजर खरो लागलो की देव छातीत येऊन बसता. जड जाता थोडां. देवाचां वजन आसा मा." आमच्या साऱ्या मंडळींनी हे खरं मानलं. ज्याच्या छातीत दुखलं नाही त्याचा गजर कच्चा, असं शिष्य एकमेकांना सांगत. माझ्या छातीत देव कधी बसला नाही. एका वर्षी मी नुसताच हात दाबून डोळे मिटले; बायकोने घरी आल्यावर विचारलं, "शर्टाचं बटण तुटलं होतं काय?"

आता हॉस्पिटलात ती छाती कागदावर उघडी पडली होती, आणि डॉक्टरांना कळत नव्हतं तिचं करायचं काय. एक तरुण सर्जन म्हणाला, उघडूया, नस जागेवर लावूया. दुसरा म्हणाला, इतकी वर्षं चाललंय, हात लावू नका. धावत्या पट्ट्यावर चालवण्याची तपासणी झाली. बुवा पट्ट्यावर असे चालले की जणू समोरून मोदकाचं ताट येतंय. काही दुखलं नाही, मशीनवरची रेघही बिघडली नाही.

"मग नेमकं दुखतं कधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गजरात," बुवा म्हणाले. "पण त्याका दुखणां म्हणत नाय."

बाई म्हणाल्या, "पेटी आहे का तुमच्याकडे? पुढच्या वेळी घेऊन या."

मी तर म्हणतो, या मुंबईत असली तपासणी आधी कुणाची झाली नसेल. छातीला वायरी लावून बुवा स्टुलावर बसले, बाजूला औषधांची गाडी तयार, दारात नर्सा आणि वॉर्डबॉय. आणि पेटीवर? पेटीवर मी. बुवांचा पेटीवाला गावी गेला होता. आयुष्यभर ज्याच्या समोर बसलो, त्याच्या साथीला बसायची वेळ आली, तीसुद्धा छातीतल्या नव्या स्प्रिंगांसकट.

"एकेक पट्टी वर चढा," बाई म्हणाल्या. "मी थांबा म्हटलं की थांबायचं."

काळी एक. मशीनवरची रेघ ठीक. काळी दोन. ठीक. काळी तीनला बुवांच्या कपाळावर घाम आला, रेघेने थोडी मान टाकली. "काका, छातीत काही?" बुवांनी डोळे मिटूनच मान हलवली, हो की नाही ते त्यांच्या देवाला ठाऊक. काळी चारला रेघ खाली बसली. "थांबा," बाई म्हणाल्या. बुवांना ऐकूच गेलं नाही. हात छातीवर, चेहऱ्यावर तो नेहमीचा, मला जाळणारा उजेड. "काका, थांबा!"

पेटी बंद झाली. माझा हात भात्यावरून निघाला होता. स्प्रिंगांमुळे हात भरून आला, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

सूर गेला तसे बुवा थांबले. बाईंनी जिभेखाली गोळी दिली. रेघ हळूहळू जागेवर आली. मग बुवांनी विचारलं, नेहमीच्या आवाजाच्या पाव आवाजात, "बाई, माका एक सांगा. ह्यां जा छातीत बसता, तां..."

"ती नस दबते, काका. तुम्ही जोर लावला की दोन्ही मोठ्या वाहिन्या फुगतात आणि मधली चेपते."

"म्हणजे पयल्यापासून तीच?"

बाईंनी मशीनकडे पाहिलं. "मला यात नसच दिसते, काका. बाकीचं यात येत नाही."

मी या क्षणाची किती वर्षं वाट पाहिली होती! त्याच्या छातीत देव नव्हता, नळाची चूक होती. मला उठून नाचायला हवं होतं. पण बुवा स्टुलावर पाय खाली सोडून बसले होते, आणि त्यांचे पाय जमिनीला पोचत नव्हते. इतका आखूड माणूस आहे हा, हे मला तोवर कधी दिसलंच नव्हतं.

डॉक्टरांची बैठक बसली आणि निर्णय झाला. बाईंनी वहिनींना, म्हणजे बुवांच्या बायकोला, समोर बसवून सांगितला. "काका पंचविशीत असते तर मीच ऑपरेशनचा हट्ट धरला असता. या वयात छाती उघडण्याचा धोका न उघडण्यापेक्षा मोठा आहे. नस आत कुठे तुंबलेली नाही. नाडी शांत ठेवणाऱ्या गोळ्या घ्यायच्या, रोज चालायचं, जिने सावकाश चढायचे. गायचंही. पण काळी दोनच्या वर नाही. छातीत भरलं तर तिथेच थांबायचं आणि इकडे यायचं. मग पुन्हा विचार करू."

बघा म्हणजे! मला पथ्य काय, तर मीठ कमी, पापड बंद. जे सगळ्या चाळीला. यांना पथ्य काळी दोन! औषधातसुद्धा हा माणूस माझ्या वरच्या पट्टीत.

माघी गणपतीत आमची बारी ठरलेली होती. रविवारी दुपारी, चाळीसमोरच्या मांडवात. मंडळाच्या पोरांनी फोनवरून ती अशी फिरवली की दादरपासून घोडपदेवपर्यंतची माणसं आली. वहिनी म्हणाल्या जाऊ नका, मुलगी फोनवर रडली. बुवांचं एकच. "नान्या एकटो बसलो तर तां भजन नाय, भाषण होतला."

आता माझा हिशेब ऐका. पहिली बारी माझी होती. मी काळी चारमध्ये सुरुवात केली की बुवांपुढे दोनच वाटा: खाली गाऊन हरायचं, नाहीतर वर चढायचं. आयुष्यात पहिल्यांदा जिंकायची संधी पेटीवर माझ्या बोटांखाली होती. आदली रात्र मी त्या आनंदात झोपलो. सकाळी दाढी करताना माझ्या ध्यानात आलं की हा माणूस हरणार नाही, चढणार. आणि चढला आणि गजरात गेला तर? मेला तर मेला, पण अमर होईल! नाक्यावर पाटी लागेल, भोंगाबुवा चौक. दरवर्षी पुण्यतिथी. आणि मी कोण? तर ज्यांच्यासमोर बुवांनी देह ठेवला ते. मला दरवर्षी स्टेजवर बसवून नारळ देतील. नाही! हा मोठेपणा मी त्याला मिळू देणार नव्हतो.

म्हणून मी काळी दोनमध्ये सुरुवात केली. माझे स्वतःचे कोरसवाले माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी धोतर विसरून आलोय. मी टोमणा मारला, पब्लिक हसलं, बारी बुवांकडे गेली. आणि बुवांनी धरली काळी एक!

मी गार. म्हणजे याला काळी दोनसुद्धा झेपत नाही! पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या, रुमालाच्या गाठीत जिभेखालची गोळी. मी माझ्या बारीला आणखी एक पट्टी उतरलो. बुवा त्याच्याही खाली. मी पुन्हा खाली. आमच्या पखवाजवाल्या दिनूला दर बारीला पखवाज उतरवावा लागत होता. हातोडी ठोकून ठोकून त्याला घाम फुटला. शेवटी तो माझ्या कानाशी आला. "बुवा, आता याच्या खाली पेटीत फक्त वाळवी आहे." मागून कुणीतरी ओरडलं, "तळमजला आला बुवा! लिफ्ट थांबवा!" मांडव हसला. इतका अपमान माझा काळी पाचनेही केला नव्हता.

पण गजराला गंमत झाली. इतक्या खालच्या सुरात गजर कुणी ऐकलाच नव्हता. पळवता येईना, म्हणून बुवांनी तो सावकाश घेतला. आणि समोरची एक म्हातारी त्यांच्यासोबत म्हणू लागली. मग तिच्या शेजारची. मग मागची शिट्ट्या मारणारी पोरं. आजवर भोंगाबुवांचा गजर लोकांनी तोंड उघडं टाकून ऐकला होता. त्या उंचीवर कुणाचा गळा जाणार? आज तो सगळ्यांना पुरला. अख्खा मांडव गात होता, डंकवाले गाळे बंद करून आले होते. आणि माझं लक्ष एकाच गोष्टीकडे. टोपी. ती आली नव्हती. बुवांच्या डोक्यावरच होती.

गजर संपता संपता बुवांचा हात छातीवर गेला. मी अर्धा उठलो. वहिनींनी रुमालाची गाठ सोडली. बुवांनी डोळे उघडून त्यांच्याकडे बघून मान हलवली. माइक चालू होता, म्हणून ते सगळ्यांना ऐकू आलं.

"दुखत नाय गो," ते म्हणाले. "तरी तो आसा."

मी खाली बसलो आणि माझ्या छातीत चाचपून पाहिलं. नेहमीप्रमाणे कोणी नव्हतं. दोन स्प्रिंगा होत्या फक्त.

बारी अर्थातच त्यांनाच गेली. शाल त्यांना जरीची, मला सुती. नारळसुद्धा त्यांचा पाण्याने भरलेला आणि माझा खडखडीत. मी घरी येऊन फोडून पाहिला.

त्यानंतर बुवा बरेच जगले. गोळ्या घेतल्या, जिने सावकाश चढले, प्रत्येक कठड्याशी थांबून प्रत्येकाला आपल्या नसेचा रस्ता हाताने दाखवला. डॉक्टरीणबाई त्यांना वर्षातून एकदा शिकाऊ पोरांपुढे बसवायच्या. बुवा रांग लावायचे. मग चाळ पाडायला घेतली, आणि आमची पांगापांग झाली. मी आलो गिरगावात पोराकडे, बुवा घोडपदेवला भाड्याच्या खोलीत. फोन रोज सकाळी. उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं. "नेहमीचंच काय रे?"

गेल्या पावसाळ्यात ते गेले. ताप आला, छातीत कफ साठला, चार दिवसांत आटोपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयाने शेवटपर्यंत त्रास दिला नाही. इतकं ऑर्डरीचं काळीज, आणि गेला माणूस रेशनवरच्या आजाराने! एकदाची बरोबरी झाली होती. सांगायला फोन लावावा, तर तो उचलणार कोण?

बाराव्यानंतर घोडपदेवला गेलो. वहिनी खिडकीशी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी उठून कपाटातून ती काळी टोपी काढली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली. "भावोजी, ही तुमच्याकडेच असायची," म्हणाल्या आणि पुन्हा भाजी निवडू लागल्या.

मला राहवेना. मी म्हणालो, "वहिनी, एक सांगतो, आता कुणाला राग यायचा नाही. त्या माघीच्या बारीला मी मुद्दाम खाली उतरलो होतो. बुवांनी वर चढू नये म्हणून. नाहीतर काळी चार तेव्हाही माझ्या गळ्यात होती. त्यांना ते कधी कळलं का हो?"

वहिनींनी मेथीची एक जुडी संपवली, देठं कागदात गुंडाळली.

"ते तुमच्यासाठी उतरत होते," त्या म्हणाल्या. "तुमच्या स्प्रिंगा नव्या होत्या ना."